कोल्ह्यासाठी सोडलेली फोडणी

हिंग-मोहरीच्या फोडणीशिवाय पंधरा दिवस काढलेला नागपूरकर जगात एकच झाला आणि तो आयर्लंडमधल्या लिक्सलिपला माझ्या शेजारी राहत होता, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. बरं, डॉक्टरने सांगितलं म्हणून नव्हे, एका कोल्ह्यासाठी! आम्ही दोघं कॉम्प्युटर चिपच्या एकाच कारखान्यात. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला नुसतं ‘पुणेकर’ म्हणायचे, आणि त्या एका शब्दात काय काय भरलेलं असायचं ते मलाच ठाऊक.

दादांना कुठलीही गोष्ट बेतानं करता येत नसे. क्लीनरूममध्ये शिरण्याआधी आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवावा लागतो, कारण धुळीचा एक कण चिपची वाट लावतो. बाकीचे ती शिस्त कारखान्यात ठेवून यायचे, दादा घरी आणायचे. दारात चपलांसाठी चिकटपट्टीची रेघ. मी एकदा ती ओलांडली तर “पुणेकर, कंटॅमिनेशन!” असं ओरडून त्यांनी मला परत पायपुसण्यावर उभं केलं. वहिनी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी पोट धरून हसल्या होत्या.

त्या दोघी २०२०च्या फेब्रुवारीत नात्यातल्या एका लग्नासाठी नागपूरला गेल्या आणि विमानं बंद झाली. मग वहिनींच्या आईचं आजारपण निघालं. महिन्याचं वर्ष होत आलं. मुलगी आधी फोनवर तासभर बोलायची, मग दहा मिनिटं, मग नुसतं ‘हाय बाबा, बाय बाबा’. “कशी आहेस विचारलं की ‘ग्रँड’ म्हणते अन् फोन आईकडे देते,” दादा एकदा मला म्हणाले. ‘ग्रँड’ म्हणजे आयरिश लोकांचं ‘मजेत’. “पोरीपाशी माझ्याशी बोलायला काही उरलंच नाही बे.” मी त्यांना माझीही तीच गत सांगितली. माझं तरी आईशी फोनवर ‘जेवलास का’ आणि ‘जेवलो’ यापुढे कुठे जात होतं! मुलगी फक्त एक गोष्ट न चुकता विचारायची, मागच्या कुरणातला कोल्होबा दिसला का? इथे असताना ती रोज सकाळी खिडकीत त्याची वाट बघायची, एक पाय उचलून थबकायची त्याची सवय तिला पाठ होती. एक दिवस दादा बोलून बसले, “तुला लाइव्ह दाखवतो!”

अमेरिकेतले शिकारी बर्फात घडीचे तंबू ठोकून कोयोटी मारतात. कोयोटी म्हणजे कोल्ह्याचा दांडगा भाऊबंद. दादांनी त्यांचे व्हिडिओ पाठ केले आणि तसाच तंबू मागवला. पाठीवर न्यायचा, सोडला की धाडकन उघडणारा. मागची खिडकी बंद ठेवायची, म्हणजे आपली आकृती दिसत नाही. आत काळे कपडे घालायचे. वारा तोंडावर घ्यायचा. पहिल्यांदा तंबू दिवाणखान्यात उघडला आणि मिटेचना, तर दादा दोन दिवस त्यातच जेवले. कुरणाच्या म्हाताऱ्या मालकाला वाटलं, आपल्या कोंबड्या खाणाऱ्या कोल्ह्याला मारायला शिकारी आला. हातात बंदुकीऐवजी फोन बघून तो नुसती मान हलवत निघून गेला.

जानेवारीत इथे साडेआठला उजाडतं, तेव्हा नागपुरात दुपारचे दोन, मुलीची ऑनलाइन शाळा सुटलेली. दादा सुट्टीच्या दिवशी बोटं बधिर करणाऱ्या थंडीत माकडटोपी घालून बसायचे. कोल्हा फिरकेना. शेवटी त्यांनी निदान केलं, “स्वेटरला हिंगाचा वास आहे. कोल्ह्याचं नाक आपल्या फिल्टरपेक्षा भारी असते!” झालं, फोडणी बंद. पंधरा दिवस उकडलेलं वरण आणि बटाटे. मला राहवेना, मी दाराशी वाटीभर झणझणीत रस्सा ठेवला, तर त्यांनी खिडकीतूनच हात जोडले.

सोळाव्या दिवशी मला बोलावणं आलं, फोन धरायला. तोंडाला मास्क लावून आम्ही तंबूत घडीच्या दोन स्टुलांवर. “समोरच्या खिडक्या उघड्या आहेत, म्हणजे हे आउटडोअरच,” असा दादांचा कायदा. फोन गारठू नये म्हणून त्यांनी तो लोकरी मोज्यात घालून काखेत धरला होता. नागपूर लागलं. पडद्यावर मुलगी, तोंडात घास. आणि झुडपातून तो आला! पुढचा एक पाय उचलून, कान टवकारून, आमच्यापासून दहा पावलांवर. मी फोन खिडकीच्या जाळीशी नेला आणि थंडीनं तो बंद पडला. निम्मी बॅटरी शिल्लक असलेला फोन! माझा फोन? त्याच्या कव्हरला वास येतो म्हणून दादांनीच तो घरी ठेवायला लावला होता.

कोल्हा गेला तरी दादा उठले नाहीत. “वर्षभरात पोरीनं एकच गोष्ट मागितली होती,” एवढंच म्हणाले. मला रडू आलं. मास्क होता म्हणून निभावलं.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला. चालू होतो न होतो तोच वाजला. मुलगीच. “बाबा, आला होता का? कोणता पाय वर होता?” दादा सांगू लागले. “काहून पळाला मग?” तिनं थेट नागपुरीत विचारलं. इथे असताना मराठीला इंग्रजीतच उत्तर देणारी ती पोर! मी मुकाट स्वयंपाकघरात गेलो, तेल तापवलं, वरणाला चरचरीत फोडणी दिली. भात झाला, निवलासुद्धा. दादा बुटांसकट जमिनीवर बसून, प्लगला चिकटून, अजून शेपटीपर्यंतच पोचले होते.

उन्हाळ्यात दादाच नागपूरला गेले, कायमचे. जाताना तंबू आणि दोन्ही स्टुलं माझ्याकडे ठेवली. मी म्हटलं, मला काय करायचाय हा? तर म्हणाले, “राहू दे पुणेकर, आईला सांगायला काहीतरी लागेल ना तुला.”

या हिवाळ्यात मी चार-पाचदा जाऊन बसलो. फोडणी काही सोडली नाही, तेवढा मी थोर नाही. कोल्हाही आलेला नाही. पण हल्ली आई ‘जेवलास का’ विचारायच्या आधी विचारते, “आला का रे?” नाही म्हटलं की म्हणते, “मग दिसलं काय, ते तरी सांग.” मी सांगत बसतो. शेजारचं स्टूल दर वेळी उघडून ठेवतो.