चार बोटं नळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ती तर गेली. मामूंना नाहीच नाही. अल्लाजवळसुद्धा सरळ कधी बोललो नाही — 'माझ्या चुका माफ कर' असं घाऊक म्हणून मोकळा होतो. घाऊक! दुकानदाराची सवय, दुसरं काय?

पण गेल्या शुक्रवारी नातजावई आमच्या दुबईतल्या अल नहदाच्या फ्लॅटवर जेवायला आला आणि ताटातली बिर्याणी गार करत फोनवर बंदुकांचे व्हिडिओ दाखवत बसला. नळी लांब तर गोळीला वेग जास्त, शिकारीत एकेक इंच मोलाचा, अमुक नि तमुक. मी तोंड उघडलं तर म्हणतो, "नाना, यू वोन्ट अंडरस्टँड." मला! ज्याने अर्धी जवानी नळ्या घासण्यात घालवली त्याला! डोकं असं फिरलं म्हणता — हात धुतले आणि उठलो. पण राग त्या पोरावर होता का? नव्हता. तो कुणावर होता तेच सांगतोय.

साठच्या दशकातली गोष्ट. यूएई वगैरे नाव अजून नव्हतं. रत्नागिरीहून मला मामूंनी बोलावून घेतलं — आईचे सख्खे भाऊ, दुबईच्या देरा भागात खाडीकाठी त्यांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान. तापट माणूस. एक स्क्रू हरवला तर तीन दिवस ऐकवायचे. गिऱ्हाईक बहुतेक बदू, वाळवंटातले अरब, हातात त्याच जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. त्यातला एक अबू हमद. साठीला आलेला, काटकुळा, हट्टी, बोलबोल बोलणारा. बसला की उठायचा नाही. वैताग यायचा. पण वाळवंटात हरणाच्या मागे निघालेल्या टोळीत पहिली गोळी त्याची, हा रिवाज होता. दोनशे-अडीचशे पावलांवरून तो वाळूत पालथा पडायचा, बाकीचे श्वास रोखून थांबायचे. त्याने मारल्याशिवाय कुणी घोड्याला बोट लावायचं नाही. त्या माणसाकडे दुसरं काय होतं? ना बागा, ना गलबतं. ती पहिली गोळी, बस.

त्याची बंदूक साफसफाईला आली तेव्हा मामू बहारीनला माल आणायला गेले होते. वारा सुटलेला, वाळू नुसती उडतेय. नळीत रेती जाऊ नये म्हणून मी तिच्या तोंडात चिंधी कोंबली — अम्मीने पाठवलेल्या खोबरेलात बुडवून, चांगली घट्ट. केवढी काळजी घेतली बघा! आणि दोन दिवसांनी तीच बंदूक तपासायला मागच्या मोकळ्या जागेत नेली आणि चिंधी काढायची विसरून गोळी झाडली.

मेलो नाही. मेलो असतो तर बरं, असं तेव्हा वाटलं. नळीचं तोंड सुजलं होतं, जसं डास चावल्यावर बोट सुजतं.

मामूंना सांगायचं? ते मला पहिल्या बोटीने परत धाडणार. मग मी काय केलं? करवत घेतली. सुजलेली चार बोटं नळी कापली, तोंड कानशीने घासलं, नेम धरायची पुढची माशी मागे सरकवून बसवली. नळीभोवतीचं लाकूड अबू हमदने पूर्वीच मागेपर्यंत उतरवलं होतं, म्हणून कापलेलं डोळ्यांत येईना. पन्नास पावलांवर डबा ठेवला. उडाला. दोनशेवर ठेवलाच नाही. का नाही? कारण मला माहीत होतं, म्हणून!

नातजावयाला कोण सांगणार — चार बोटं गेली म्हणून गोळी थोडी मंदावते, लांबवर थोडी खाली पडते, तेवढं नेमबाज सांभाळून घेतो. खरी गोम तोंडाच्या कडेत. गोळी सुटताना शेवटची त्या कडेला लागून जाते. कड एका बाजूला केसभर जास्त घासली गेली तर गोळी भरकटते — जवळ कळत नाही, लांब हातभर चुकते. आणि माझी कानशी तेव्हा घाईत फिरली होती.

अबू हमद आला. बंदूक नेहमीसारखी शेजारी उभी धरली. पूर्वी ती कमरेच्या पट्ट्यावर चार बोटं यायची, आता पट्ट्याशी. त्याने माझ्याकडे पाहिलं. "छोटी हो गई?" आणि मी — हसलो. म्हटलं, तोंडाला गंज होता, नखभर घासलाय. बाकी तुमचं पोट सुटलं बाबा, पट्टा वर चढलाय! दुकानातले सगळे हसले. तोही हसला. पोट कसलं? पोट पाठीला लागलेलं त्याचं!

त्या हिवाळ्यात तो तीनदा चुकला. पहिल्यांदा वाऱ्याला बोल लावला, दुसऱ्यांदा काडतुसांना. तिसऱ्यांदा कुणी काही बोललं नाही, तेच त्याला लागलं. तो दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "खलास. नजर खलास." मी त्याच्यादेखत पन्नास पावलांवरचा डबा पुन्हा उडवला. बंदूक ठीक आहे, म्हटलं.

मग तो खाडीकडे बघत बसला. बघता बघता म्हणाला की सालेमचं गलबत येतंय, शिडाला नवं ठिगळ लावलंय. मला तिकडे नुसता ठिपका दिसत होता. माझे डोळे बावीस वर्षांचे! गलबत लागलं. सालेमचंच. ठिगळ होतं. आता तरी बोलायचं होतं ना? मी म्हटलं, "बाबा, तुम्ही अंदाजाने सांगता."

मी सुट्टीवर निघालो तेव्हा त्याने मुंबईहून चष्मा आणायला सांगितला. आणला. फुटपाथवरच्या चष्मेवाल्याला वय सांगितलं, लांबचं दिसत नाही म्हटलं, त्याने जाड काचांचा काढून दिला. अबू हमदने तो घातला, चाचपडला, दारच्या पायरीला अडखळला. मी म्हटलं, "सवय होईल." तो म्हणाला, "इन्शाल्ला." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली.

बंदूक भिंतीवर गेली. पहिली गोळी मेव्हण्याकडे गेली. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तो दुकानात यायचा आणि येईल त्याला सांगायचा की हा माझा मुलगा, याने मला डोळे आणून दिले. मामू खूश. चष्मा काढा बाबा — तीन शब्द. चार वर्षं तो रोज समोर बसला होता. मी रोज चहा मागवला.

खाडीत गलबत शिरलं की मान वर करून तो मला विचारायचा, "कोणाचं रे?"

आणि मी सांगायचो.