बिल्डरच्या गाडीतून आलेला उमेदवार

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला उमेदवार आला, तोही बिल्डरसोबत, बिल्डरच्याच गाडीतून. लाज नाहीच. प्रसाद खाऊन दोघं गेले आणि गच्चीवर वाद पेटला.

"हा बिल्डरच्या खिशातला आहे, याला मत देऊ नका," तळमजल्यावरचे म्हातारे काका ओरडले. रिडेव्हलपमेंटला त्यांचाच काय तो विरोध होता.

सेक्रेटरी म्हणाला, "खिशातला आहे म्हणूनच द्यायचं. बिल्डिंग लवकर पडेल. तुमचं काय काका, तुम्हाला कुठे नव्या घरात राहायचंय?"

सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो काकांचा मुलगा. नव्या फ्लॅटमधल्या खोल्या त्याने मला आधीच सांगितल्या होत्या: एक नवराबायकोची, एक मुलीची. काकांची विचारली, तर म्हणाला, "तोपर्यंत कशाला लागतेय?"