स्वखुशीने

"लिही," सर म्हणाले. "मी स्वखुशीने माघार घेत आहे. खाली तारीख, सही. बाजूला वडिलांची सही."

कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वर स्वतःचं पेन ठेवलं.

टेबलाच्या या बाजूला दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी. दुसरी रिकामी. माझे वडील दाराशी उभे होते. अंगात खाकी शर्ट, हातात बसची किल्ली. सरांचं वय छत्तीस-सदतीस. वडिलांचं बावन्न.

"शांताराम, तू समजाव हिला. तुझं ऐकेल."

"हा साहेब," वडील म्हणाले.

गेटवरचा वॉचमन वडिलांच्याच वयाचा. त्याला सर 'काका' म्हणायचे. माझ्या वडिलांना शांताराम. सगळं कॉलेज शांतारामच म्हणायचं. सतरा वर्षं ते कॉलेजची बस चालवत होते. ओझरहून निघायची, आडगाव नाक्यावरून नाशिक शहरात यायची. त्याच बसमधून मी कॉलेजला जायचे. पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी वडिलांनी मला बजावलं होतं, "बसमदी मला पप्पा म्हणू नको. उगं पोरी तुला येगळं पाडतील."

मी नाही म्हटलं कधी. तीन वर्षं मी माझ्या बापाच्या बसमध्ये परक्या मुलीसारखी चढले आणि उतरले. तेव्हा मला वाटायचं, यात काय एवढं.

आता त्या कागदाचं सांगते.

परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार होता. त्याचं काम आमच्या विभागातले हे सर बघायचे. दरवर्षी एक विद्यार्थी तिकडे एका सत्रासाठी जायचा. आमच्या विभागातून पाच जणांनी अर्ज केले. मार्क, प्रकल्प आणि ऑनलाइन मुलाखत. मुलाखत तिकडचे प्राध्यापक घेणार होते. माझा प्रकल्प साठवणीतला कांदा का सडतो यावर होता. माझी आई लासलगावला खळ्यावर कांदा निवडायला जायची. लहानपणी मी तिच्यासोबत ढिगाशी बसलेली. सडायला लागलेला कांदा हाताला आधी कळतो, डोळ्याला नंतर. त्या प्राध्यापकांना मी हेच सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. ते वहीत लिहून घेत होते.

यादी लागली. पहिलं नाव माझं. दुसरं संस्थेच्या सचिवांच्या पुतणीचं.

वडिलांनी त्या यादीचा फोटो काढला. बसमध्ये स्टिअरिंगजवळ चिकटवणार म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नको. जाऊ दे."

आणि चौथ्या दिवशी तो कोरा कागद.

"हे बघ," सर म्हणाले, "तुला कमी लेखत नाही मी. पण तिकडे राहणं, खाणं, बोलणं... तुझ्या घरात कोणी विमानात तरी बसलंय का? तू तिथे कोसळशील. मग कॉलेजचं नाव जाईल. आणि तुम्हाला काय, सरकार आहेच द्यायला. पुढे कधीतरी जाशील."

तुम्हाला. तो शब्द मला नीट ऐकू आला.

मी म्हटलं, "विचार करते सर."

"सोमवारपर्यंत कर," सर म्हणाले. "आणि तुझी फाइल जरा बघावी लागेल. जातपडताळणीची. एखादी तक्रार झाली ना, की वर्ष-वर्ष निघत नाही त्यातून. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

आम्ही बाहेर आलो. जिन्यावर वडील दोन पायऱ्या पुढे चालत होते. मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी? सगळा वेळ मी खुर्चीवर बसून होते. बाप उभा होता आणि मी उठले नव्हते. ही लाज माझी आहे. ती मी कुणावर ढकलत नाही.

सोमवार यायला चार दिवस होते.

पहिल्या दिवशी वडिलांची बस काढून घेतली. कारण सांगितलं नाही. दुसऱ्या ड्रायव्हरला किल्ली द्यायला लावली आणि यांना पाण्याच्या टँकरवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी कॉलनीत मोटारसायकलवर दोघं आले. शेजारच्या बाईंना विचारलं, "हे लोक मूळचे कुठले? खरंच इथलेच का?" तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही. कालपर्यंत डबा वाटून खाणाऱ्या मुली. एकीने जाता जाता हळूच सांगितलं, "अगं, देऊन टाक ना लिहून. ते सोडणार नाहीत तुला." तिच्या आवाजात राग नव्हता. भीती होती. तेव्हा मीही घाबरले.

कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. नुसतं एकेक दार लावून घेत होते.

रविवारी दुपारी जेवताना वडील म्हणाले, "सही करून टाक बाळा. नोकरी गेली तर या वयात मला कोन घेतंय? तुझं शिक्षान तर पुरं होईल. परदेश काय पळून जात नाय."

आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "तिनं सीट मागितली का कुनाकडं? मार्क पडलेत तिला. मंग माघार कशाची घ्यायची?"

"तुला कळत नाय," वडील म्हणाले. "लय मोठी मान्सं हायेत ती."

"मोठी हायेत तर त्यांच्याच हातानं लिहू द्या ना. हिच्या हातानं कशाला पाहिजे?"

वडील पुन्हा जेवू लागले. मीही.

त्या एका प्रश्नाने माझ्या डोक्यातलं जाळं फाटलं. खरंच, माझ्या हातानं का? त्यांना काढायचं होतं तर खोडावं माझं नाव. पण खोडलं तर खोडणाऱ्याची सही लागते. त्यांना सीटही हवी होती आणि स्वच्छ हातही हवे होते. आमच्या आजोबांना शाळेत बाहेर बसवणाऱ्या मास्तरानं निदान स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, बाहेर बस. हे मलाच म्हणायला लावत होते, की मी आपणहून बाहेर बसते.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. वडील पुन्हा दाराशी थांबले. मी रिकामी खुर्ची ओढली.

"पप्पा, बसा."

वडिलांनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. वडिलांचे पाय हलेनात.

"बसा पप्पा. तुम्हाला बोलावलंय ना यांनी?"

ते बसले. अगदी कडेवर, पाठ न टेकता. कॉलेजात मी त्यांना पहिल्यांदा पप्पा म्हटलं होतं.

"सर, मी लिहिणार नाही. तुम्हाला नाव काढायचं असेल तर तुम्ही काढा आणि कारण लिहून द्या."

सरांचा चेहरा बदलला नाही. हीच गोष्ट सगळ्यात भयंकर होती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "शांताराम, तू ऐकलंस ना? मला नंतर बोलू नकोस."

वडील म्हणाले, "ऐकलं साहेब."

एवढंच. पण ते उठले नाहीत. मी उठेपर्यंत बसून राहिले.

घडलेलं सगळं मी चार ओळींत लिहून प्राचार्यांच्या नावे दिलं. आवक विभागातल्या बाईंनी वाचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. परदेशातल्या विद्यापीठालाही मेल केला. वाटलं होतं, तिकडून कुणीतरी उठून विचारेल. नऊ दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य भाषा. आम्हाला खेद वाटतो, पण कुणाला पाठवायचं हा तुमच्या कॉलेजचा अंतर्गत प्रश्न आहे. त्या दिवशी मला कळलं, सभ्यता सगळीकडे सारखीच असते.

'प्रशासकीय कारणास्तव' नवी यादी लागली. सचिवांची पुतणी गेली. वडिलांना महिनाअखेर कामावरून कमी केलं. आणि माझ्या जातीच्या दाखल्याविरुद्ध निनावी अर्ज आला. जसं सांगितलं होतं, तसंच.

चौकशीचे अधिकारी आमच्या मूळ गावी गेले, सोबत मीही. शाळेतलं जुनं रजिस्टर काढलं. आजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली होती, ठसठशीत अक्षरात. ज्या शब्दापायी आजोबा वर्गाबाहेर पोत्यावर बसले, तो शब्द मी दोन्ही हातांनी धरून त्याची नक्कल मागत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "अक्षर बघा किती सुंदर आहे." मी रडले नाही. नक्कल घेतली. आठ महिन्यांनी दाखला वैध ठरला.

तोवर शेवटचं वर्ष संपलं होतं. मी ठरवलं, आता कॉलेजच्या हातून जायचंच नाही. थेट अर्ज करायचा. त्याच विद्यापीठात, पदव्युत्तर अभ्यासासाठी. गुणपत्रकांच्या मोहोरबंद प्रती कॉलेजकडूनच लागणार होत्या. अकरा दिवस मी त्या खिडकीशी उभी राहिले. रोज सांगायचे, साहेब नाहीत, शिक्का नाही, उद्या या. मी उद्या जायचे. बाराव्या दिवशी शिक्का सापडला.

शिफारसपत्र आमच्या विभागातल्या एकाही प्राध्यापकाने दिलं नाही. ज्यांनी माझी मुलाखत घेतली होती, त्या परदेशी प्राध्यापकांनाच मी लिहिलं. त्यांना मुलगी आठवत नव्हती. कांदा आठवत होता. तेवढं पुरलं.

प्रवेश मिळाला. सरकारी शिष्यवृत्तीही. वडील आता अंबडच्या एका कारखान्यात टेम्पो चालवतात. पगार कमी आहे. हे सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. नीट झालेलं नाही. ते सर आज विभागप्रमुख आहेत. सचिव सचिव आहेत. मी अनुसूचित जाती-जमाती आयोगाकडेही तक्रार केली, ती तिथे पडून आहे.

गेल्या आठवड्यात मला मेसेज आला. सचिवांच्या पुतणीचा. सत्र संपल्यावर ती तिकडेच पुढे शिकायला राहिली. आम्ही दोघी एकाच विभागात असणार. तिने लिहिलं होतं:

"हाय! तू येतेयस असं कळलं, छान वाटलं. मी इथल्या इंडियन स्टुडंट ग्रुपची सेक्रेटरी आहे, काही लागलं तर सांग. फक्त एक रिक्वेस्ट. नाशिकचं जुनं काही इथे काढू नकोस. इथे कुणी जातबीत मानत नाही. आपण सगळे फक्त इंडियन आहोत."

मी तो मेसेज आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "धमकी हाय का प्रेम हाय?"

सरांच्या आवाजातही हे असंच ऐकलं होतं मी. भल्याचं सांगतोय म्हणणारा आवाज. तो माझ्या आधी पोचलाय. विमानतळावर, वसतिगृहात, स्वयंपाकघरात, वर्गात, तो माझी वाट बघत असणार. हे मला माहीत आहे. माहीत असूनच जातेय.

तिला मी उत्तर लिहिलं. दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

"मी येतेय. आयोगाची तारीख लागली की सुनावणीला परतही येईन. माझी सीट कशी गेली आणि तिच्यावर कोण बसलं, हे मी तुमच्या ग्रुपच्या पहिल्या बैठकीत उभी राहून सांगणार आहे. तू त्या बैठकीला ये. समोर बस."

तिने वाचलंय.