हिरवा झेंडा पडेपर्यंतची जागा

आयोवातल्या ओटर बेंडच्या मातीच्या ट्रॅकचं फाटक शनिवारी सकाळी नऊला उघडतं आणि माणसं काखेत जुन्या गोधड्या मारून स्टँडकडे पळत सुटतात. शर्यती संध्याकाळी असतात, पण चौथ्या वळणासमोरच्या वरच्या ओळी हव्या असतील तर सकाळीच जागा धरावी लागते. खालच्या ओळींत बसलं तर गाड्यांच्या चाकांखालून उडालेली ढेकळं थेट बियरच्या ग्लासात येऊन पडतात. म्हणून गोधडी पसरायची, तिच्या कडा चिकटपट्टीने फळीला चिकटवायच्या आणि घरी जाऊन अंगणातलं गवत कापायचं.

अर्लिस ब्रँडवोल्ड या धावपळीत कधी धावली नाही. ती साडेसहालाच फाटकाशी घडीची खुर्ची टाकून बसे. तिच्यासाठी चौदाव्या ओळीतली जागा सोडायला सगळे राजी होते, तसं तिला सांगूनही झालं होतं. ती म्हणे, "मग तुम्ही रांगेत कशाला उभे आहात?" आणि थर्मासमधली कॉफी ओतून घेई.

तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. चाळीस पोरांच्या गोंगाटात आवाज न चढवता बोलायची तिला सवय होती. ट्रॅकवर ती कुणाची नोकर नव्हती, पदाधिकारीही नव्हती. तिकीट काढून येणारी एक बाई, एवढंच. तरी जागेवरून दोघांची जुंपली की माणसं आधी तिच्याकडे बघत.

याची सुरुवात कर्टच्या ताडपत्रीपासून झाली. ट्रॅक्टर विकणाऱ्या या आडव्या अंगाच्या कर्टने एकदा गुरुवारीच चाळीस जणांची जागा निळ्या ताडपत्रीने झाकून टाकली. शनिवारी माणसं आली अकरा. बाकीचे लोक दोन तास जिन्यावर उभे, आणि मधोमध ताडपत्री आरामात पसरलेली. अर्लिस वर गेली आणि म्हणाली, "कर्ट, हिचं तिकीट काढलंयस का रे?"

लोक हसले. कर्टचा चेहरा पडला. दुसरी एखादी असती तर तिथेच थांबली असती. अर्लिस दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन कर्टच्याच दुकानात गेली आणि त्याला सोबत घेऊन ट्रॅकच्या मालकाकडे गेली. दोघांनी मिळून नियम ठरवला. जागा शनिवारीच धरायची. माणशी अठरा इंच. गोधडीवर नुसता माणसांचा आकडा लिहायचा नाही, नावांची चिठ्ठी टाचायची. आणि मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या फेऱ्यांपैकी पहिली सुरू करणारा हिरवा झेंडा पडला की जो आला नाही त्याची जागा उभ्या असलेल्याची. नियम मांडला कर्टने. अर्लिस त्याच्या मागे उभी राहून म्हणाली, "तुला चोवीस इंच घे, नाहीतर शेजारच्याचे हाल." पुढे तोच कर्ट चिठ्ठ्यांसाठी टाचण्यांचा डबा घेऊन येऊ लागला.

या नियमाचा पहिला मोठा फटका बसला तो तिच्या धाकट्या बहिणीला. मर्ना शेजारच्या राज्यात, ओमाहाला राहायची. सहा वर्षांपूर्वी हंगामातल्या शेवटच्या शर्यतीला येताना वाटेत तिचं टायर फुटलं. ती पोचली तेव्हा तिच्या नावाच्या जागेवर एक अनोळखी म्हातारा शेंगा खात बसला होता. मर्ना जिन्यावरूनच वळली. आली तशी चार तास गाडी हाकत परत गेली. त्यानंतर नाताळात नुसत्या सहीचं कार्ड येई. अर्लिसही तसंच कार्ड पाठवी. नियम बरोबर होता याबद्दल तिला शंका नव्हती. पण कार्ड पेटीत टाकताना दर वर्षी हात जरा थांबे.

या उन्हाळ्यात मर्नाचं पत्र आलं. दोनच ओळी. "ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी येते. जागा धर."

अर्लिस त्या दिवशी सहालाच फाटकाशी हजर झाली. गोधडी पसरली, चिठ्ठी टाचली: अर्लिस, मर्ना. दोन नावं, छत्तीस इंच.

संध्याकाळ झाली. पाण्याचा टँकर ट्रॅकला शेवटचे दोन फेरे मारून गेला. गाड्यांनी ओली माती दाबून काळी कुळकुळीत केली. राष्ट्रगीत झालं, टोप्या परत डोक्यांवर चढल्या. मर्नाचा पत्ता नव्हता. दोनदा फोन लावला, तिने उचलला नाही.

शेजारी धान्यकोठारातून निवृत्त झालेला लाइल बसला होता. वीस वर्षांचा शेजार. तो मुद्दाम समोर बघत म्हणाला, "पंचबाई, आज राहू दे. कोणी काही बोलणार नाही."

"तेच तर," अर्लिस म्हणाली.

"काय तेच तर?"

"मला कोणी काही बोलणार नाही. कर्टला बोलले असते."

"बहीण आहे तुझी."

"त्याच्या न आलेल्या माणसांतही त्याची बहीण होती, लाइल."

जिन्यावर नर्सच्या कपड्यांतली एक बाई उभी होती, ड्यूटीवरून थेट आलेली. कठड्याला टेकून एकेक पाय आळीपाळीने सैल करत होती. खाली गाड्या जोडीजोडीने वळणातून बाहेर आल्या, हिरवा झेंडा पडला आणि सगळा स्टँड हादरू लागला. अर्लिसने टाचणी काढली, चिठ्ठी मुठीत घेतली आणि बाईला हाताने खूण केली. बाई तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "तुमचं कोणी येणार असेल तर मी उभी राहते."

"झेंडा पडला. बस."

दुसरी फेरी संपून तिसरीच्या गाड्या रांगेत लागत होत्या, तेव्हा मर्ना जिन्याच्या पायथ्याशी दिसली. तिने ओळी मोजत वर नजर नेली. नर्सवर ती थांबली. मग मर्ना वळली.

अर्लिस उठली. चौदा ओळी, आणि गुडघे असे की जिना तिरकं होऊन उतरावा लागे. ती तशीच उतरली.

"मर्ना, थांब."

"दिसलं मला. पुन्हा दिलीस."

"दिली."

"पूल बंद होता. वीस मैलांचा वळसा पडला."

"पडला असेल. वर जा, लाइलशेजारी बस."

"तिथे ती बाई बसलीय."

"तिच्या अलीकडे. ती माझी जागा आहे. तुझी राखायचा हक्क माझा झेंड्यापर्यंतच होता. माझी मी कुणालाही देईन."

मर्नाने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "आणि तू?"

"मी कुंपणाशी उभी राहते."

"या गुडघ्यांवर?"

"त्यांचं नाव चिठ्ठीवर नव्हतं."

मर्ना हसली नाही. "हे तुला सहा वर्षांपूर्वी नाही सुचलं?"

अर्लिसने जरा विचार केला. तेव्हा ती गोधडीवरून हललीही नव्हती, पाठमोऱ्या मर्नाकडे नुसती बघत राहिली होती. "नाही सुचलं," ती म्हणाली. "आत्ता जिना उतरताना सुचलं."

मर्ना वर गेली.

अर्लिस कुंपणाच्या जाळीला हात लावून उभी राहिली. तिसऱ्या फेरीत मातीने तिचा चष्मा भरला, चौथीत एक ढेकूळ खांद्यावर बसलं. लाइल वरून हातवारे करून तिला आपली जागा देत होता. तिने मान हलवली. पण दोन्ही फेऱ्यांत तिने गाड्यांपेक्षा चौदाव्या ओळीकडेच जास्त पाहिलं, आणि दर वेळी मर्ना तिथे होती.

मुख्य शर्यतीआधीच्या मध्यंतरात मर्ना खाली आली. हातात पावाबाहेर चारी बाजूंनी लोंबणारं टेंडरलॉइन, म्हणजे डुकराच्या मांसाचा तळलेला चपटा तुकडा होता. तिने त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा अर्लिसला दिला.

"जागा सोडून आलीस?" अर्लिसने विचारलं.

"लाइल बघतोय. मध्यंतरात चालतं, असं म्हणाला."

"चालतं."

दोघींनी उभ्यानेच खाल्लं. मर्नाने खिशातून रुमाल काढून दिला, अर्लिसने चष्मा पुसला.

"तुझा नियम चुकीचा आहे," मर्ना म्हणाली. "वाटेत असलेल्या माणसाला दुसऱ्या फेरीपर्यंत मुदत हवी."

"वाटेत आहे की घरी झोपलाय, हे कोण ठरवणार?"

"तू."

"मी नको. जानेवारीत सगळ्यांची बैठक असते. तिथे येऊन मांड."

"आयोवाच्या बैठकीत मला कोण बोलू देणार?"

"तिकीट काढलंस ना? झालं तर."

मर्नाने रुमाल परत खिशात घातला. "जानेवारीत रस्त्यांवर बर्फ असतं."

"मग लवकर नीघ," अर्लिस म्हणाली.