काकूंचं बिनदुधाचं घर

“मालक सुखरूप आल्यात न्हवं, आता तरी सुभेदारीण दूध पिईल,” समोरच्या घरातली आक्का अंगणात कुणाला तरी सांगत होती. मी आत भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं पाखडत होते. काकूंनीही ते ऐकलं असणार. त्यांचा भाकरी थापणारा हात जरा थांबला आणि परत चालू झाला.

सुभेदारीण म्हणजे माझ्या काकू. काका फौजेत सुभेदार. लढाई संपल्यावर ते पहिल्यांदाच रजेवर, आदल्या संध्याकाळी तासगावजवळच्या ह्या घरी आले होते. मी सुट्टीला आधीच येऊन राहिले होते. आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. शाळा मात्र साताऱ्याला झाली, इंग्रजी माध्यमाची, वसतिगृहातली. तिथे रोज संध्याकाळी पेलाभर दूध प्यावं लागे आणि पेला रिकामा होईपर्यंत बाई समोरून हलत नसत. नंतर रात्रभर माझं पोट दुखायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. कॉलेजात गेल्यावर मी जास्तच वाळले, तेव्हा डॉक्टरांनी दूध वाढवायला सांगितलं आणि आईने ते वाढवलं.

काकूंच्या घरी पहिल्या सकाळी मला गवती चहा घातलेला गुळाचा काळा चहा मिळाला. “दूध लागत आसंल तर आक्काकडनं आणती,” काकू म्हणाल्या. मी केवळ संकोचाने नको म्हटलं. आठवडाभरात पोट शांत झालं. मला वाटलं, विहिरीचं पाणी मानवलं.

काकूंनी दूध का सोडलं ते गड्याने सांगितलं. त्यांच्या म्हशीचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मेलं. म्हैस पान्हा चोरू लागली, म्हणून चार घरी करतात तसं गड्याने त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस ते चाटत राहिली आणि दूध देत राहिली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी ते पेंढ्याचं रेडकू उचलून रानात नेऊन पुरलं. त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप काहीच त्यांच्या तोंडात गेलं नाही. त्याच महिन्यात मटणही सुटलं. म्हैस मात्र त्यांनी विकली नाही. ती परसात सावलीला बसलेली असे, आणि काकू जाता-येता तिच्या पाठीवरून हात फिरवत.

पुढे लवकरच काकांची पलटण सीमेवर गेली आणि गावाने दोन गोष्टी जोडून टाकल्या. मालक सुखरूप परत यावा म्हणून बाईने नवस बोललाय, दूध वर्ज्य केलंय, असं सगळी आळी धरून चालली. नवसाला कोण बोट लावणार? सणावारी काकूंना कुणी आग्रह करत नसे. काकूंनीही कुणाची समजूत काढली नाही.

मी त्यांचं स्वयंपाकघर मन लावून बघत असे. कारळ्याच्या चटणीवर शेंगतेलाची धार, हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं, परसातल्या पावट्याची उसळ. पुरणपोळी झाली तेव्हा गुळवणी नारळाच्या दुधाची केली होती, आणि मी तुपाची वाटी शोधलीसुद्धा नाही. त्या जेवणात काही काढून घेतलंय असं वाटतच नसे. पूर्वी काकूंना सकाळी उठताना अंग धरल्यासारखं व्हायचं, ते दूध सुटल्यापासून गेलं, असं त्याच एकदा सहज म्हणाल्या. आता त्या उजाडायच्या आत उसाला पाणी देऊन येत आणि पोथी वाचायला बसत. दुसऱ्याने काय खावं ह्यावर मात्र त्यांच्या तोंडून कधी शब्द नाही. शाकाहारी म्हणावं तर आमच्या ओळखीचे शाकाहारी लोक तूप ओतून जेवतात. काकूंसाठी मला शब्दच सापडेना. इंग्रजीतही नाही.

त्या दिवशी जेवणं व्हायच्या आतच आक्का आणि आळीतल्या बायका ओसरीवर आल्या. आक्काची म्हैस व्याली होती, तिच्या चिकाचा खरवस त्यांनी ताटलीत वड्या पाडून आणला होता.

“आवं भावजी, तुमच्या हातानं भरवा,” आक्का म्हणाली. “नवस फिटू द्या.”

काकांनी वडी उचलली. काल वेशीवरच त्यांना कुणीतरी नवसाचं सांगितलं असावं. आल्यापासून ते घरात अगदी हळू बोलत होते. त्यांचा हात पुढे आला आणि काकू पदर सारखा करत म्हणाल्या, “आक्का, नवस न्हवता.”

“मग?”

“रेडकू गेलं तवापासनं मला खावंसं वाटंना.”

“आगं बया. म्हंजे नवऱ्यासाठी न्हाई, रेडकासाठी?”

मागून एक बाई फसकन हसली. काका हसले नाहीत. वडी तशीच बोटांत.

“म्हंजे तिकडं मी गोळ्या चुकवतोय,” ते म्हणाले, “आन् हितं सगळ्या गावाला ठावं, माझ्यासाठी उपास चाललाय.”

“तुमच्यासाठी रोज दिवा लावला,” काकू म्हणाल्या. “ते देवाला ठावं हाय. ह्यो माझा घास हाय. त्यात तुमचं काय कमी न्हाई केलं.”

काकू काकांकडे बघत होत्या, सरळ, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. इतके दिवस नवसाच्या आडोशाला जे निवांत चाललं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने उघड्यावर आणलं होतं. काकांनी एक शब्द टाकला असता तर ह्या घरात परत विरजण लागलं असतं.

“खुळी हाय,” आक्का म्हणाली, पण मायेने. “दुधाबिगर बाईमाणसाच्या अंगात ताकद कुठनं यायची? ह्या शिकल्याल्या पोरीला इचारा की. इंग्रजी साळंत काय सांगत्यात?”

काकांनी बराच वेळ हातातल्या वडीकडे बघितलं. मग ती माझ्यापुढे धरली. “घे बाळ. तू तरी घे. आक्कानं एवढं आणलंय.”

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. असं कुणी काही पुढे केलं की मी आजवर मुकाट्याने घेत आले होते. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या मला काही सुचवणार नव्हत्या, हे मला कळत होतं.

“मलाही नको, काका,” मी म्हणाले. “माझाही काही नवस नाही. इथे जेवते तसं जेवून मला बरं वाटतं.”