स्टँडमागून ऐकलेला फिंटन

रविवार, ९ जानेवारी २०११.
अंगणात बर्फाचा पातळ थर. सकाळच्या मिस्साला गेले. फादरांना सर्दी, त्यामुळे प्रवचन लवकर आटोपलं. सफरचंदाचा टार्ट केला. डिंप्ना क्विल्टी विणायच्या सुया परत द्यायला आली ती बसलीच. दुपारी मास्तर आले. फिंटनविषयी बोलणं झालं.

मास्तर येणार हे नोनी क्लोहेसीला शुक्रवारीच कळलं होतं. नॉकलूरा गावात एक रीत होती. हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळातला खेळाडू तिशी ओलांडून गेला, की पुढच्या वर्षी खेळणार का हे त्याला स्वतःला कुणी विचारत नसे. लग्न झालेलं असेल तर बायकोला विचारायचं, नसेल तर आईला. नोनीचा फिंटन पस्तिशीचा झाला तरी आईच्याच घरी जेवत होता. तेव्हा मास्तर मलाकी हेफरनन, शाळेतून निवृत्त झालेले आणि गावच्या संघाची निवड करणारे, टोपी हातात घेऊन नोनीच्याच स्वयंपाकघरात येणार होते.

आठवडाभर ती मनाशी उत्तर घोळवत होती. फिंटन जिना उतरताना कठड्याला धरून, एक पाय आधी टेकवून, मग दुसरा, असा उतरे. ते पाहिलं की ‘नाही’ हा शब्द तिच्या ओठांवर येई. मग तिला वाटे, दिवसभर सहकारी भांडारात जनावरांच्या खाद्याची पोती उचलणारा हा मुलगा. याच्या हातून ती काठी काढून घेतली तर याच्याकडे उरेल काय?

ती काठी त्याच्या हातात आली तेव्हा तो शाळेत जायला लागला होता एवढंच. त्याचे वडील मॉसी दूध डेअरीची लॉरी चालवायचे. त्यांनी ॲश झाडाच्या लाकडाची छोटी हर्ली आणून दिली आणि पोरगं ती उशाशी घेऊन झोपायला लागलं. पुढे उंची वाढली, खांदे भरले, आणि मास्तरांनी त्याला गोलच्या अगदी तोंडाशी उभा केला. तीन नंबरची जर्सी. तिथे उभ्या राहणाऱ्याचं काम एकच, समोरच्या संघाचा सगळ्यात दांडगा गडी आपल्या गोलपर्यंत पोचू द्यायचा नाही. तो चेंडू मारणार, आपण आपलं अंग मध्ये घालायचं. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. तीन नंबरवाल्याचं नाव फक्त गोल झाला तरच निघतं.

फिंटन सतरा वर्षांचा असताना त्याच्या तोंडावर हर्ली बसली. नोनी तेव्हा कुंपणाला टेकून उभी होती. गवतात दोन दात पडलेले तिने पाहिले. मॉसीने ते रुमालात उचलले, जणू ते परत लावता येणार होते. त्या दिवसानंतर नोनीने आपल्या मुलाचा एकही सामना पाहिला नाही.

ती जायची मात्र प्रत्येक सामन्याला. निळा कोट घालून, डबा घेऊन, सगळ्यांच्या देखत फाटकातून आत शिरायची आणि चेंडू उडाला की हळूच उठून प्रेक्षकांच्या स्टँडच्या मागे जायची. तिथे डिंप्ना आधीच फेऱ्या मारत असे. डिंप्नाचा रोरी गोलकीपर होता. शाळेत सिस्टरांनी चालता चालता रोझरीची माळ जपायला शिकवलं होतं, ते दोघींना इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. चिप्सच्या गाडीपासून शौचालयापर्यंत आणि तिथून परत.

भिंतीपलीकडचा सगळा खेळ त्यांना कानांनी कळत असे. लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा आवाज. चेंडू उंच गेला की हजार माणसं एकदम श्वास ओढत. आपले लोक विव्हळले तर गोल बसला. आणि कधी कधी एक वेगळाच आवाज यायचा, छातीतून निघालेला खोल हुंकार, मग टाळ्या. फिंटनने गर्दीत हात वर घालून चेंडू धरला, असा त्याचा अर्थ. तो हात कसा वर जातो हे तिला ठाऊक नव्हतं. तो आवाज मात्र तिला झोपेतही ओळखता आला असता.

अशी सतरा-अठरा वर्षं गेली. फिंटनचा अंगठा तीनदा मोडला. तीन उन्हाळे तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघात होता, बहुतेक वेळ बाकावर. एकदा दुसऱ्याचा पाय मुरगळला म्हणून शेवटची काही मिनिटं आत गेला आणि त्या वेळात त्याच्या समोरच्या गड्याला चेंडूला हातही लावता आला नाही. त्यावर भांडारात महिनाभर चर्चा झाली. गावाने एकदा चषक जिंकला, त्या रात्री मास्तर टेबलावर चढून गायले. संपूर्ण कारकिर्दीत फिंटनने एकही गोल केला नाही. गेल्या हिवाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली.

आणि आता मास्तर दारात उभे होते.

“नोनी, या टार्टच्या वासासाठी तरी संघ टिकला पाहिजे बघ.”

“टार्ट संघाशिवायही मिळतो, मास्तर. या, बसा.”

फिंटन विस्तवाशी बसला होता, पाय लांब करून. मास्तरांना पाहून त्याने तो चटकन जवळ घेतला. मास्तरांनी चहा घेतला, थंडीविषयी बोलले, फुटलेल्या पाइपांविषयी बोलले, दुसऱ्यांदा चहा घेतला.

“मी कशाला आलोय ते तुला ठाऊक आहे,” ते शेवटी म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“एकच वर्ष, नोनी.”

“गेल्या वर्षीही एकच होतं,” डिंप्ना म्हणाली.

“तुला कुणी विचारलं का, डिंप्ना?”

“मला कोण विचारतंय! माझा गोलकीपर आहे. गोलकीपरला थेट शवपेटीत घातल्यावरच बदलतात.”

मास्तरांनी तिच्याकडे पाठ फिरवली. “तू बोल, नोनी.”

नोनीने फिंटनकडे पाहिलं. तो बशीतले टार्टचे कण बोटाने गोळा करत होता. हा मुलगा आता काहीतरी बोलेल, ‘पुरे झालं’ म्हणेल, याची तिने वाट पाहिली. त्याने बोट चाटलं. तोंडाशी आलेला शब्द तिने गिळला.

“त्याची इच्छा असेल तर माझी काही हरकत नाही.”

“आईला हवं असेल तर खेळतो,” फिंटन म्हणाला.

“झालं तर!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “मंगळवारपासून सराव.”

नोनी किटली भरायला मागच्या खोलीत गेली. नळ सोडला, पण पाणी किटलीत न पडता तिच्या मनगटावरून वाहत होतं. अजून एक वर्ष. पुन्हा ते फाटक, ती भिंत, तो लाकडाचा आवाज. आणि त्या गुडघ्यावर एखादा विशीतला बैल येऊन आदळणार. तिने नळ बंद केला तेव्हा फिंटनचा आवाज ऐकू आला, दबका.

“तिच्यासाठीच करतोय, मास्तर. बाबा गेल्यापासून तिला दुसरं काय आहे? एक सामना चुकवत नाही. मी बसलो तर रविवारी ती जाऊन बघणार तरी काय?”

त्यावर डिंप्नाला ठसका लागला. टार्टचा तुकडा घशात अडकला की काय म्हणून मास्तर तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागले. पण बाई हसत होती.

“बघणार? ही? बघणार?”

“डिंप्ना!” नोनी आतून ओरडली.

“नाही नोनी, आता बास. तुझ्या पोरापायी माझ्या तीन जोडी चपला झिजल्या.” मग ती फिंटनकडे वळली. “अरे बाबा, तुझ्या आईने तुझा खेळ कधी पाहिलेलाच नाही. तू दात पाडून घेतलेस तेव्हापासून आम्ही दोघी स्टँडच्या मागे गोल गोल फिरतो आहोत. तिकिटाचे पैसे भरून!”

नोनी किटली घेऊन दारात आली. तिचा चेहरा लाल झाला होता. फिंटन तिच्याकडे बघत राहिला.

“म्हणजे बॅलीगोर्टीनच्या सामन्यात मी तो शेवटचा चेंडू धरला, तो...”

“आवाज फार छान आला होता,” नोनी म्हणाली.

“पण दुसऱ्या दिवशी तू मला सगळं सांगितलंस! कोण कुठून आला, कुणी ढकललं!”

“चिप्सवाला सांगतो. त्याची गाडी उंचावर असते.”

मास्तरांच्या तोंडून चित्रविचित्र आवाज निघाला. त्यांनी घाईने कप तोंडाला लावला.

“मग सांगायचं ना मला, आई.”

“काय सांगायचं?” तिने किटली शेगडीवर ठेवली, जरा जोरातच. “बाबांना पोचवून आल्यानंतरचा तो पहिला रविवार. तू पिशवी खांद्याला लावून दारात उभा होतास. एकोणीस वर्षांचा. मला वाटलं, याला जायचंय, याचं मन तिथे रमेल. म्हटलं, जा.”

फिंटनने बशी बाजूला सारली.

“मी विचारायला उभा होतो,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं तू म्हणशील, आज नको जाऊस.”

विस्तवातलं एक जळतं लाकूड ढासळलं, ठिणग्या उडाल्या. कुणीच उठून ते सावरलं नाही.

“तुला आवडतच नव्हतं का रे?” नोनीने विचारलं.

“आवडायचं की. शेवटची शिट्टी वाजली की फार आवडायचं.” तो कसनुसा हसला. “त्याआधी दर सामन्याला मी कपडे बदलायच्या खोलीमागे जाऊन ओकतो. रोरीला विचारा. तो माझं हेल्मेट धरून उभा असतो.”

“आणि मला रोरी म्हणाला, तू प्रार्थना करतोस!” डिंप्ना म्हणाली.

नोनी मुलासमोरच्या खुर्चीवर बसली. तिने त्याचा तो तीनदा मोडलेला अंगठा हातात घेतला. लहानपणी काटा काढताना धरायची तसा.

“आता नको जाऊस,” ती म्हणाली.

“बरं,” फिंटन म्हणाला.

इतकं सोपं होतं. नोनीला वाटलं, कुणीतरी मानेवरचं जू उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं. फिंटनने खुर्चीत मागे रेलून तो दुखरा पाय पुन्हा लांब केला, मास्तरांच्या देखत, बिनधास्त.

“वा!” मास्तर म्हणाले. “मायलेकरांचं भागलं. आणि माझ्या तीन नंबरचं काय?”

“तुम्हीच उभे राहा,” डिंप्ना म्हणाली. “रुंदी आहे.”

मास्तरांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. “तसं... लाहिफांचा धाकटा आहे म्हणा. वीस वर्षांचा. दार अडवून उभा राहिला तर उजेड येत नाही.”

“मग त्याला का नाही घेतलंत?” डिंप्नाने विचारलं.

“घेणार होतो गेल्याच वर्षी.” मास्तर खाली बघत होते. “पण फिंटनला वगळलं तर नोनीला काय वाटेल? एवढी सामन्याला येते, निळा कोट घालून... मला धीरच झाला नाही.”

त्यावर फिंटन असा हसत सुटला की गुडघा धरून “आई गं” म्हणायची पाळी आली. नोनीही हसली, डोळे पुसत. डिंप्नाने मास्तरांच्या बशीत उरलेला टार्ट सगळाच वाढला.

“त्या लाहिफला माझ्याकडे पाठवा,” फिंटन म्हणाला. “उजव्या हाताने मारणाऱ्याला कुठल्या अंगाने अडवायचं ते दाखवतो. बसल्या बसल्या.”

“पाठवतो की.” मास्तरांचा चेहरा आता मोकळा झाला होता. “पण मुलाच्या आईला आधी विचारायला हवं.”

“काय विचारायचं ते नीट विचारा,” नोनी म्हणाली. “आणि दोघांना एकाच वेळी विचारा.”

बाहेर अंधार पडत आला तरी मास्तर उठायचं नाव काढेनात. ते आणि फिंटन जुन्या सामन्यांविषयी बोलत बसले. नोनी बटाटे सोलता सोलता मध्येच विचारी, मग तो समोरचा गडी दिसायला कसा होता, मग तू हात कुठे घातलास. फिंटन काट्या-चमच्यांनी टेबलावर मैदान मांडून तिला दाखवत होता.

झोपण्यापूर्वी नोनीने डायरीत त्या दिवसाच्या पानावर शेवटची ओळ लिहिली:

मास्तर आणि डिंप्ना जेवायला थांबले. बटाटे कमी पडले, पुन्हा उकडले.