सिस्टरबाईंची ठकी

सिस्टरबाईंच्या दाराची कडी वाजवली की आतून "कोन हाय?" असं कधी आलं नाही. "कोन गेलं?" असं यायचं. दूधवाला असो नाहीतर मतदार यादीवाले मास्तर असोत, दार उघडण्याआधी प्रत्येकाला कुणीही मेलेलं नाही याची हमी द्यावी लागायची. फोनचंही तेच. बटणांचा फोन कानाला लावायच्या, "काय झालं?" म्हणायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. एकदा फोन कंपनीची कुणी मुलगी स्वस्तातला रिचार्ज सांगत होती, तर तिचं बोलणं संपेपर्यंत बाई खाटेची दांडी धरून उभ्या होत्या.

त्या मूळच्या वडवणीच्या नव्हत्या. आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून सारी नोकरी घाटनांदूरकडच्या आणि पाटोद्याकडच्या खेड्यांत झाली, आणि निवृत्तीनंतर त्या आमच्या बसस्थानकामागच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. नवरा फार पूर्वी वारला होता, मूलबाळ नव्हतं. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. माझं बसस्थानकासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "दोन काढ गं. एक हारवली तर मला मेली समजतील." तेव्हापासून आमचं जमलं.

तर या अशा बाईंनी आफ्रिकेतल्या एका मुलीच्या शाळेचा खर्च उचलला होता. घाटनांदूरकडे असताना त्यांच्याबरोबर मेरी सिस्टर नावाची केरळची नर्स होती. ती पुढे मलावी नावाच्या देशात एका खेड्यातल्या दवाखान्यात गेली. तिथं एक बाई बाळंतपणात दगावली. मागे सहा वर्षांची मुलगी आणि म्हातारी आजी राहिली. मेरी सिस्टरनं फोन करून विचारलं, हिला शाळेत घालू का, खर्च तू देशील का? सिस्टरबाई नाही म्हणायला घाबरल्या आणि हो म्हणायलाही घाबरल्या. शेवटी म्हणाल्या, "मला इचारू नको, घाल." मुलीचं नाव थोकोझानी. बाईंच्या जिभेला ते झेपेना. त्यांनी तिची ठकी केली.

समोरचे चहावाले अण्णा त्यांना छेडायचे, "काय सिस्टरबाई, आपल्या जिल्ह्यातल्या पोरी सरल्या काय?" त्या नुसत्या हसायच्या. मीही एकदा हेच विचारलं, जरा आगाऊपणानंच. तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी आशाचं सांगितलं. पाटोद्याकडच्या एका वाडीत मेंढरं राखणाऱ्या घरातली ही मुलगी. हुशार. बाईंनी तिला वह्यापुस्तकं घेऊन दिली, हिला मी नर्स करणार म्हणून गावभर सांगत सुटल्या. आठवीच्या दिवाळीच्या सुटीत घरच्यांनी आशाचं लग्न लावून दिलं. पुढच्या वर्षी तीच पोरगी बाळंतपणाला त्यांच्याकडे आली, आणि बीडच्या वाटेवर जीपमध्ये त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

"रगत थांबंचना," एवढंच त्या म्हणाल्या. मग पायरीवरून उठता उठता, "जवळच्या पोरीवर जीव लावला की माझीच नजर लागती. मनून लांबची केली. इतक्या लांब माझी नजर पोचायची न्हाई."

पोस्टमन त्यांची पत्रं माझ्याच दुकानात टाकायचा, कारण त्यांचं दार वाजवण्याची त्याची हौस केव्हाच फिटली होती. इंग्रजी त्यांना दवाखान्यापुरतं येत होतं, तेव्हा पत्र वाचणारी मी, उत्तर लिहिणारी मी आणि त्यांच्या पैशांतून बँकेतून फी पाठवणारीही मीच. शनिवारी आणि अमावास्येला पत्र फोडायचं नाही. फोडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी शेवट वाच." शेवटी मी बरी आहे असं लिहिलेलं असलं की मग वरून सुरुवात. उत्तरात सगळ्या सूचनाच. पाणी उकळून पी, नखं काप, मच्छरदाणी लाव, विहिरीच्या कडेला बसू नको. एकदा कंटाळून मी मच्छरदाणी गाळली, तर कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, "यात मच्छरदाणी कुठं हाय?" हिवतापाच्या पोस्टरवर आयुष्यभर पाहिलेला तो इंग्रजी शब्द त्यांना लांबूनही ओळखता यायचा. ठकीनं मात्र कळवलं की त्यांची यादी गुरुजींनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवली.

ती दहा वर्षांची असताना शाळेनं तिचा फोटो पाठवला. निळा फ्रॉक, पांढरे मोजे, गालभर हसू, आणि डोक्यावर केस नाहीत. सिस्टरबाईंचे हात थरथरायला लागले. आपल्याकडे एवढ्या मोठ्या मुलीचे केस कोण काढतं? काढले तर मोठ्या दुखण्यातच.

"टायफाइड झालता तिला. आपल्याला सांगितलं न्हाई त्येंनी."

"अहो, हसतीय की ती," मी म्हटलं.

"आशाबी हसायची."

मी त्याच दिवशी पत्र टाकलं. उत्तर यायला सहा आठवडे लागले, आणि तेवढे दिवस बाई बिनसाखरेचा चहा प्यायल्या. उत्तर आलं की शाळेचा नियमच तसा आहे, सगळ्याच मुली केस अगदी मुळापासून कापतात, ताप कुणालाही नाही. सोबत साऱ्या वर्गाचा फोटो, सगळी डोकी तुळतुळीत. आम्ही दोघी इतक्या हसलो की अण्णा किटली घेऊनच बघायला आले. जाताना मात्र बाई म्हणाल्याच, "जास्त हासलो आज."

खरूज लागावी तशी त्यांची भीती हळूहळू मला लागली. मेरी सिस्टर केरळला परतल्या आणि पाठोपाठ वारल्या. मग मलावीशी धागा राहिला तो फक्त टपालाचा. पत्राला उशीर झाला की गिऱ्हाईकाचे कागद उलटे लावून मीच पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावायची. पुढे ठकी आठवीत गेली. आठवी म्हणजे आशाचं वर्ष.

आणि मग मी घोळ घातला. मलावीच्या पत्रांवर सुरेख तिकिटं असायची, माशांची, पाखरांची. पत्र वाचून झालं की सिस्टरबाई पाकीट मला द्यायच्या आणि मी तिकीट कापून काउंटरच्या काचेखाली ठेवायची. त्या वर्षी पावसाळा सरता सरता पत्र आलं तेव्हा त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बीडला गेल्या होत्या. तिकिटावर निळा मासा होता. म्हटलं, शेवटी माझ्याकडेच यायचंय. पाकीट न उघडताच मी कात्री चालवली आणि तिकिटासकट कोपरा काढून घेतला. आतल्या कागदाचाही कोपरा गेला हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. चार दिवसांनी बाई परत आल्या तेव्हा मी बँकेत गेले होते. दुकानात माझा नवरा बसला होता, त्यानं पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. एकदा भाजी घेताना भेटल्या, डोळ्यांवर काळा चष्मा.

"पत्रात काय होतं?" मी विचारलं.

"कळलं मला."

"कुणाकडनं वाचून घेतलं?"

"कळलं म्हनलं ना गं."

मला राग आला. इतकी वर्षं वाचतेय मी, आणि आज दुसरं कुणी गाठलं? घ्या म्हटलं वाचून. मीही त्यांच्याकडे गेले नाही. पुढे कानावर आलं की सण नाही, वार नाही, आणि बाईंनी पाच शाळकरी पोरींना जेवायला घातलं, वह्या वाटल्या. मला साधं बोलावणंही नाही. माझा राग आणखीच वाढला. रागात माणूस किती बावळट होतं ते मी त्या दिवसांत दाखवून दिलं.

महिना होत आला असेल. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"वैशाली, आता फी पाठवू नको."

"कावून?"

"ठकी गेली."

माझ्या हातातला कागदांचा गठ्ठा खाली पडला. "कोण म्हणालं?"

"कोन कशाला म्हनंल? कागदाचा कोपरा फाडलेला व्हता की. पाकिटाचाबी आन् आतल्या कागदाचाबी."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी आपल्याकडे मयताची बातमी पत्रानं कळवायची तर त्या कागदाचा कोपरा फाडून पाठवायचे. कोपरा दिसला की वाचणाऱ्याला आधीच कळायचं. असं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, फाडून टाकायचं आणि डोक्यावरून अंघोळ करायची. बाईंनी तेच केलं होतं. पत्राचे बारीक तुकडे करून ओढ्यात सोडले, ऑपरेशनचा डोळा जपत डोक्यावरून पाणी घेतलं, आणि तेराव्या दिवशी पाच पोरींना जेवू घातलं. एका ओळीचाही अर्थ कुणाला विचारला नाही.

मी काउंटरच्या काचेकडे पाहिलं. निळा मासा तिथंच होता. मी तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "सिस्टरबाई, कोपरा मी कापला."

त्यांनी तिकीट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजी जित्ती हाय?"

"मला ठाऊक नाही हो. पत्रात काय होतं ते कुणीच वाचलेलं नाही."

आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. जुन्या पत्राच्या डोक्यावर शाळेचा फोन नंबर होता. इतक्या वर्षांत तो लावायचं धाडस आमचं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मी मोबाइल काउंटरवर ठेवून स्पीकर लावला. बाजाराच्या गलक्यात मुख्याध्यापकांचा आवाज आला. ठकी जिवंत होती. आठवी चांगल्या गुणांनी पास झाली होती, निवासी हायस्कुलात तिची निवड झाली होती. पुढचा खर्च देणार का, एवढंच त्यांनी पत्रात विचारलं होतं. उत्तर नाही, म्हणून ती आजीच्या गावी परत गेली. हायस्कूल सुरू होऊन आठवडा झाला होता. जागा अजून आहे, पण फार दिवस राहणार नाही. आणि तिचा मामा म्हणतोय की शाळा नसेल तर मोठी पोरगी घरात किती दिवस ठेवायची, मॅरेज करून टाकू.

त्यातला मॅरेज हा शब्द सिस्टरबाईंना कळला. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी उचलला.

"सर, आय सिस्टर. गर्ल नो मॅरेज. गर्ल स्कूल. टुडे सर, नॉट टुमारो. आय पे." एवढ्यावर इंग्रजी संपलं. मग मराठीतच, "तुमच्या पाया पडते सर, आजच मानूस पाठवा. येकदा पोरगी गेली की माघारी येत न्हाई वो."

मग "येस मदर, येस," एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला.

त्यानंतरचे पाच दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. फोन लागत नव्हता. बाई सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायच्या आणि शटर ओढेपर्यंत बसायच्या. जेवल्या का म्हणून विचारायची मला लाज वाटायची. एका पोरीचं आयुष्य मी एका माशासाठी कात्रीनं कापलं, हे डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून बोलल्या, "तुज्या कात्रीचा दोष न्हाई, वैशाली. तू व्हतीस की वाचायला. मीच भ्याले वाचून घ्यायला." मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मुख्याध्यापकांनी एका मास्तरांना सायकलवर पाठवलं होतं. आजीला पटलं, मामाला पटवावं लागलं. ठकी हायस्कुलात पोचली होती. मग एक बारीक, दमलेला आवाज आला, "हॅलो, मदर?"

सिस्टरबाईंनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. त्या म्हणाल्या, "जेवली का गं?" मी ते इंग्रजीत सांगितलं. ती जेवली होती. फोन ठेवल्यावर बाई तिथंच खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. मीही रडले. एक गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून उभं होतं, ते बिचारं तसंच परत गेलं.

मागच्या हिवाळ्यात सिस्टरबाई गेल्या. दोनच दिवस बीडच्या दवाखान्यात होत्या. मी उशाशी होते. छातीत दुखत होतं तरी त्यांचं एकच चाललं होतं, "ठकीला कळवू नको. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा हाय. घाबरंल लेकरू." मी शब्द दिला आणि पाळला. पुढची तीन पत्रं त्यांच्याच नावानं लिहिली, उकळलेल्या पाण्यासकट आणि मच्छरदाणीसकट. फी मी भरते. त्यात काही मोठेपणा नाही, मला दुसरं काही करताच आलं नसतं.

गेल्या आठवड्यात ठकीचं पत्र आलं. परीक्षा संपली. तिला नर्सिंगला जायचं आहे, पण तिला शंका आहे. ती लिहिते, "मदर, रक्त पाहिलं की माझे हात थरथरतात. तुम्ही किती शूर आहात असं मेरी सिस्टर मला सांगायच्या. माझ्यासारखी भित्री मुलगी नर्स होऊ शकेल का? तुम्हाला कधीच भीती वाटली नाही का?"

चार दिवस मी कोरा कागद पुढे घेऊन बसते आहे. काल एवढंच लिहून झालं, "थोको, त्यांना रोज भीती वाटायची. हात थरथरायचे. तरी त्या जायच्या." लिहिलेलं वाचलं तेव्हा लक्षात आलं की बसले होते त्यांच्या नावानं लिहायला, आणि लिहिलं माझ्या नावानं. मी ते खोडलं नाही. आता पुढचं वाक्य लिहायचं आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.